मूल हवंय आणि अंगावरून पांढरं जातंय: जिवाणू, तपासण्या आणि प्रोबायोटिक, क्रमाने

तालुक्याच्या गावी एका लॅबमध्ये मी योनिमार्गाच्या स्वॅबच्या, म्हणजे कापसाच्या काडीवर घेतलेल्या स्रावाच्या, स्लाइड वाचते. गेल्या काही वर्षांत काउंटरवर एक नवाच कागद यायला लागलाय. आठ-दहा पानांचा, गुळगुळीत, रंगीत गोलांचा 'मायक्रोबायोम रिपोर्ट', म्हणजे योनिमार्गातल्या जिवाणूंची यादी. त्यात 'लॅक्टोबॅसिलस' या नावापुढे लाल बाण खाली वळलेला असतो आणि सोबत तीन महिन्यांच्या प्रोबायोटिक, म्हणजे जिवंत 'चांगल्या' जिवाणूंच्या, कॅप्सूलच्या डब्या. मागच्या पावसाळ्यात एक मुलगी असाच रिपोर्ट घेऊन आली. लग्नाला तीन वर्षं झालेली. म्हणाली, "ताई, माझ्यात चांगले जंतूच नाहीत, म्हणून दिवस राहत नाहीत." नवऱ्याची वीर्यतपासणी झाली का, विचारलं. नव्हती. गर्भाशयाच्या नळ्या तपासल्या का? नाही. साधा स्वॅब? तोही नाही. रंगीत रिपोर्ट मात्र झाला होता.

तिच्यासारख्या मुलींसाठी हे लिहितेय. क्रम चुकला की पैसे जातात आणि त्याहून मोलाचे महिने जातात.

आधी, आत कोण राहतं?

आपण दुधाला विरजण लावतो तेव्हा त्यातले जिवाणू दुधातली साखर खाऊन आम्ल तयार करतात आणि त्या आंबटपणात नासवणाऱ्या जंतूंचं फारसं काही चालत नाही. योनिमार्गात असंच घडतं. वयात आल्यावर इस्ट्रोजेन वाढतं, त्यामुळे योनीच्या अस्तरातल्या पेशींत ग्लायकोजेनचा साठा होतो. पेशी गळतात, त्या साठ्यावर लॅक्टोबॅसिलस जगतात आणि लॅक्टिक आम्ल बनवतात. निरोगी योनिमार्गाचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितका आंबटपणा जास्त) साधारण ३.८ ते ४.५ असतो, म्हणजे जवळपास घरच्या दह्याइतका आंबट. आल्बर्ट डोडरलाइन या जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञाने १८९२ मध्ये या जिवाणूंचं वर्णन केलं होतं. विषय दिसतो तितका नवा नाही.

लॅक्टोबॅसिलस हे आडनाव समजा. योनिमार्गात त्या घरातले चारजण प्रामुख्याने आढळतात: क्रिस्पेटस, गॅसेरी, जेन्सेनी आणि इनर्स. यातला क्रिस्पेटस सगळ्यात भरवशाचा. इनर्सचा तेवढा भरवसा नाही. तो चांगल्या दिवसांतही असतो आणि घडी विस्कटली तरी तिथेच असतो.

विस्कटते म्हणजे काय? लॅक्टोबॅसिलस कमी होतात, पीएच ४.५ च्या वर जातो आणि गार्डनरेला, प्रिव्होटेला अशा जिवाणूंची गर्दी होते. याला बॅक्टेरियल व्हजायनोसिस म्हणतात, दवाखान्यात नुसतं 'बीव्ही'. बीव्ही असलेल्या साधारण निम्म्या बायकांना काहीही जाणवत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

दिवस राहण्याशी याचा संबंध काय

पहिली भीती सगळ्यांना आंबटपणाची असते: "आम्लात शुक्राणू मरत असतील ना?" निसर्गाने त्याची सोय केलेली आहे. वीर्याचा पीएच ७.२ च्या वर असतो, ते आतलं आम्ल काही वेळापुरतं मोडून काढतं आणि धडधाकट शुक्राणू काही मिनिटांतच गर्भाशयमुखाच्या चिकट स्रावात शिरतात. म्हणून खायच्या सोड्याच्या पाण्याने आत धुऊन 'आम्ल कमी करण्याचा' सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. ते आम्ल तुमच्या बाजूचं आहे.

खरा धोका वरच्या दिशेला आहे. बीव्हीमधले काही जिवाणू अशी विकरं (एन्झाइम) सोडतात की गर्भाशयमुखाच्या स्रावाचा पडदा विरतो. मग जंतू वर गर्भाशयात आणि नळ्यांपर्यंत जाऊ शकतात. शिवाय बीव्ही असताना क्लॅमिडिया आणि गनोरिया या संबंधांतून पसरणाऱ्या आजारांची लागण सहज होते आणि हे दोघे कसलाही गाजावाजा न करता नळ्या खराब करतात. नळ्यांच्या दोषामुळे मूल न राहणाऱ्या बायकांत बीव्ही जास्त आढळतो. आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी) करणाऱ्या बायकांच्या अभ्यासांत बीव्ही असताना सुरुवातीच्या आठवड्यांतला गर्भपात जास्त दिसला आहे.

पण बीव्ही असलेल्या कितीतरी बायकांना दिवस राहतात आणि बाळंतपणही सुखरूप होतं. जिवाणू बिघडले म्हणून मूल राहत नाही, असं एका ओळीत कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

पायरी १: एक पाळी नीट बघा

स्वतःच्या स्रावाकडे महिनाभर लक्ष द्या आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर दोन शब्दांत टिपा. आपल्याकडे 'अंगावरून पांढरं जातं' या एका वाक्यात सगळंच बसवतात आणि तिथेच घोळ होतो.

पाळीच्या मधल्या दिवसांत अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा, दोन बोटांत ताणला जाणारा, बिनवासाचा स्राव आला तर तो आजार नाही. बीज सुटायची वेळ जवळ आल्याची ती खूण आहे. दिवस राहण्याची शक्यता असलेले सहा दिवस बीज सुटण्याच्या दिवशी संपतात, म्हणजे हा स्राव दिसतो तेव्हाच संबंध यायला हवेत. या स्रावाला आजार समजून नेमके हेच दिवस टाळणारी जोडपी मी पाहिली आहेत आणि दर वेळी जीव हळहळतो.

पातळ, करडट पांढरा स्राव आणि सुकटीसारखा वास, तोही संबंधांनंतर जास्त, असं असेल तर बीव्हीचा संशय घ्यावा. दह्याच्या गुठळ्यांसारखा घट्ट स्राव आणि जीव नको करणारी खाज असेल तर बहुधा यीस्ट, म्हणजे बुरशी. ती त्रास फार देते, पण नळ्यांचं नुकसान करत नाही. हिरवट-पिवळा, फेसाळ स्राव ट्रायकोमोनास या संबंधांतून पसरणाऱ्या परजीवीचा असू शकतो. आणि स्रावासोबत ओटीपोटात दुखत असेल, ताप असेल, संबंधांच्या वेळी खोलवर कळ येत असेल तर महिनाभर थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

पायरी २: आत धुणं आजपासून बंद

खर्च शून्य, आणि कॅप्सूलच्या आधी करायचं काम हेच. योनिमार्ग स्वतःला स्वतः स्वच्छ ठेवतो. आत बोटाने साबण, तुरटीचं पाणी, जंतुनाशकाचं पाणी, सुगंधी वॉश काहीही घालू नका. आंघोळीच्या साबणाचा पीएच ९ ते १० असतो, तो दह्याइतक्या आंबट जागी गेल्यावर काय होईल ते सांगायला नको. आत पाणी मारून धुण्याची सवय असलेल्या बायकांत बीव्ही आणि ओटीपोटातली सूज दोन्ही जास्त आढळतात.

वास येतो म्हणून जास्त धुतलं जातं, धुतल्यामुळे लॅक्टोबॅसिलस आणखी घटतात, मग वास आणखी वाढतो. या चक्रात अडकलेल्या बायका स्वतःला अस्वच्छ समजतात, काउंटरवर मान खाली घालून बोलतात. त्यांच्या स्वच्छतेत काही कमी नसतं. उलट त्याच सगळ्यात जास्त धूत असतात.

बाहेरचा भाग साध्या पाण्याने धुवा, पुरे. घरचं दही, लसणाची पाकळी, खोबरेल तेलात भिजवलेला कापूस आत ठेवण्याचे उपाय मोबाइलवर फिरतात. तेही नको.

पायरी ३: साधी तपासणी, मोठ्या तपासणीच्या आधी

स्वॅब द्यायला जाताना पाळी नसावी, आदले दोन दिवस संबंध नसावेत आणि आत कुठलीही गोळी किंवा क्रीम घातलेली नसावी. रक्त आणि वीर्य दोन्हींमुळे पीएच वर जातो आणि निष्कर्ष चुकतो.

मग माझ्या टेबलावर काय होतं ते सांगते. पीएचची पट्टी योनीच्या बाजूच्या भिंतीवरच्या स्रावाला लावतात, कारण गर्भाशयमुखाचा स्राव मुळातच कमी आंबट असतो. स्लाइडवर स्राव घेऊन त्यावर १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला की बीव्ही असेल तर सुकटीचा वास एकदम उठतो. अल्कली मिळाली की स्रावातली अमाइन नावाची वासाची रसायनं वायू होऊन बाहेर पडतात. वीर्य अल्कधर्मी असतं, म्हणून संबंधांनंतर घरी वास वाढतो. तीच प्रक्रिया. त्यानंतर भिंगाखाली पेशी. निरोगी पेशीची कड कागद कापल्यासारखी स्वच्छ दिसते, आसपास लांबट काड्या असतात, त्या लॅक्टोबॅसिलस. बीव्हीमध्ये पेशीवर बारीक जिवाणू असे चिकटतात की कडच दिसेनाशी होते, गुळाच्या खड्याला मुंग्या लागाव्यात तशी. तिला क्लू सेल म्हणतात.

पातळ करडा स्राव, ४.५ पेक्षा जास्त पीएच, तो वास आणि क्लू सेल, या चारपैकी तीन खुणा मिळाल्या की बीव्हीचं निदान होतं. १९८३ पासून वापरात असलेले हे ॲमसेल निकष आजही उपयोगी आहेत. ग्रॅम रंग देऊन ० ते १० गुण देण्याची न्यूजंट पद्धत १९९१ ची. तीत ७ किंवा त्याहून जास्त म्हणजे बीव्ही, ३ पर्यंत ठीक, मधलं मधलंच.

त्याच भेटीत क्लॅमिडिया, गनोरिया आणि ट्रायकोमोनासच्या तपासणीबद्दल विचारा. भारतात आणखी एक गोष्ट सुटू नये: जननेंद्रियांचा टीबी. आपल्याकडे नळ्या बंद होण्याचं ते मोठं कारण आहे. खोकला नाही, ताप नाही, कधी नुसती पाळी कमी होत जाते. घरात कुणाला टीबी झाला असेल तर डॉक्टरांना आपणहून सांगा. कुठलंही प्रोबायोटिक टीबीवर चालत नाही.

पैशांची अडचण असेल तर जिल्हा रुग्णालयातलं आणि अनेक सरकारी दवाखान्यांतलं 'सुरक्षा क्लिनिक', म्हणजे लैंगिक आजारांचा विभाग, गाठा. तिथे तपासणी आणि औषधं मोफत असतात. औषधं रंगांच्या किटमध्ये देतात, योनिमार्गाच्या जंतुसंसर्गाचं हिरवं. नाव ऐकून घाबरायचं कारण नाही, हजारो घरंदाज बायका तिथे जातात.

पायरी ४: दोघांची फाइल एकच

नियमित संबंध ठेवून वर्षभर दिवस राहिले नाहीत तर तपासण्या सुरू कराव्यात. वय ३५ च्या पुढे असेल तर वर्षभर न थांबता सहा महिन्यांनीच. पहिल्याच महिन्यात वीर्यतपासणी करून घ्या. ती सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कमी त्रासाची आहे, आणि आपल्याकडे नेमकी तीच सगळ्यात शेवटी होते. हे बदलायला हवं, एवढं मी ठासून सांगते.

त्यानंतर बीज सुटतंय का, थायरॉइड, सोनोग्राफी, आणि मग नळ्यांसाठी एचएसजी. स्वॅब एचएसजीच्या आधी करावा, याला कारण आहे. एचएसजीत गर्भाशयातून नळ्यांत औषध ढकलून फोटो काढतात. खाली जंतुसंसर्ग असेल तर तोही औषधाबरोबर वर जाऊ शकतो. आधी उपचार, मग एचएसजी.

मोठ्या रिपोर्टचं काय करायचं

डीएनए वाचून सगळ्या जिवाणूंची टक्केवारी देणाऱ्या तपासण्या आता कुरिअरने घरी येतात. त्यातली माहिती खोटी नसते, पण तिच्यावरून काय करायचं हे बहुतेक वेळा ठरत नाही. २०११ मध्ये अमेरिकेत कसलीही तक्रार नसलेल्या ३९६ बायका तपासल्या, तेव्हा सुमारे २७ टक्के बायकांत लॅक्टोबॅसिलसचं वर्चस्व नव्हतं. त्या आजारी नव्हत्या. त्यामुळे नुसता लाल बाण म्हणजे रोग, असं समजू नका.

गर्भाशयाच्या अस्तरातल्या जिवाणूंची तपासणीही काही आयव्हीएफ केंद्रांत सुचवतात. तिचा पाया म्हणजे स्पेनमधला २०१६ चा अभ्यास. अस्तरात ९० टक्क्यांहून जास्त लॅक्टोबॅसिलस असलेल्या बायकांत गर्भ रुजण्याचं प्रमाण चांगलं दिसलं. पण त्यात बायका होत्या फक्त ३५. जिवाणू बिघडलेले असताना गर्भ रुजत नाही हे दिसणं एक, आणि जिवाणू सुधारले की रुजतो हे सिद्ध होणं दुसरं. आयव्हीएफमध्ये दोन-तीन चांगले गर्भ गर्भाशयात सोडूनही रुजले नाहीत तर डॉक्टरांशी या तपासणीबद्दल बोला. सुरुवातीलाच तिच्यावर पैसे घालू नका.

पायरी ५: बीव्ही निघाला तर

उपचार साधा आहे: बहुतेकदा मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या सात दिवस, नाहीतर योनीत घालायचं जेल किंवा क्लिंडामायसिनचं क्रीम. गोळ्यांनी तोंडाला धातूसारखी चव येते, म्हणून चौथ्या दिवशी त्या सोडून देऊ नका. क्लिंडामायसिनचं क्रीम तेलकट असतं, त्याने कंडोम कमकुवत होतो. दिवस गेले असण्याची शक्यता असेल तर आधी सांगा.

अडचण पुढची आहे. बरा झालेला बीव्ही वर्षभरात निम्म्याहून जास्त बायकांत परत येतो. इतकी वर्षं त्याचं खापर बाईच्या स्वच्छतेवर फुटत आलं. २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या १६४ जोडप्यांचा अभ्यास आला. अर्ध्या जोडप्यांत फक्त बाईला औषध दिलं, अर्ध्यांत नवऱ्यालाही: सात दिवस मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या आणि शिश्नावर क्लिंडामायसिनचं क्रीम. बारा आठवड्यांत बीव्ही परत आला तो फक्त बाईचा उपचार झालेल्यांत ६३ टक्के, दोघांचा झालेल्यांत ३५ टक्के. वारंवार बीव्ही होत असेल तर डॉक्टरांना सरळ विचारा, "यांनाही औषध द्यायचं का?" नवऱ्याला काही त्रास नसतो, म्हणून तो नाही म्हणतो. त्याला हे दोन आकडे दाखवा.

काही त्रास नाही, मूल राहण्याची अडचण नाही आणि रिपोर्टमध्ये सहज बीव्ही सापडला, तर सगळ्यांनाच औषध लागतं असं नाही. ते डॉक्टरांवर सोपवा.

पायरी ६: आता प्रोबायोटिक

दह्यापासून सुरू करू, कारण पहिला प्रश्न तोच असतो. दह्यात दूध आंबवणारे जिवाणू असतात. ते योनीत वस्ती करणारे नव्हेत. दही जरूर खा, पोटाला चांगलं आहे, पण त्याने योनिमार्गात क्रिस्पेटस येत नाही.

आपल्याकडच्या डब्यांवर बहुतेकदा ॲसिडोफिलस, ऱ्हॅम्नोसस, रूटेरी ही नावं असतात. नावानंतरचे अक्षर-आकडे बघा. 'ऱ्हॅम्नोसस जीआर-१' आणि 'रूटेरी आरसी-१४' हे योनिमार्गासाठी बरेच अभ्यासलेले प्रकार आहेत. नुसतं 'लॅक्टोबॅसिलस' लिहिलं असेल आणि पुढे काही नसेल तर ते आडनावावरून माणूस शोधण्यासारखं आहे. भारतातल्या अन्नसुरक्षा नियमांनुसार प्रोबायोटिकमध्ये दिवसाच्या मात्रेत किमान दहा कोटी जिवंत जिवाणू असायला हवेत, लेबलवर ते १० चा आठवा घात असं दिसतं. मुदतीची तारीख बघा, थंड जागी ठेवायला सांगितलं असेल तर मेडिकलवाल्याने कुठे ठेवलं होतं ते बघा. कॅप्सूल तोंडाने घ्यायची की योनीत ठेवायची, हेही नीट विचारून घ्या.

फायदा किती? बीव्ही परत येऊ नये यासाठी सगळ्यात भक्कम पुरावा क्रिस्पेटसच्या 'सीटीव्ही-०५' या प्रकाराचा आहे. २०२० मध्ये अमेरिकेत २२८ बायकांना मेट्रोनिडाझोलनंतर तो अकरा आठवडे योनीत दिला. बारा आठवड्यांपर्यंत बीव्ही परत आला तो ३० टक्क्यांत, खोटं औषध (तुलनेसाठी दिलेलं, जिवाणू नसलेलं) मिळालेल्यांत ४५ टक्क्यांत. फरक खरा आहे, जादू नाही. हे औषध आपल्याकडच्या मेडिकलमध्ये मिळत नाही.

आणि मूल राहण्यासाठी? आयव्हीएफच्या आधी जिवाणू बिघडलेल्या बायकांना क्लिंडामायसिन आणि हाच क्रिस्पेटस देऊन डेन्मार्कमध्ये मोठी चाचणी झाली. काहींना नुसतं क्लिंडामायसिन, काहींना दोन्ही खोटी औषधं. गर्भ राहण्याच्या प्रमाणात तिन्ही गटांत फरक पडला नाही. म्हणून 'प्रोबायोटिक घ्या, दिवस राहतील' असं जाहिरातीत वाचलं की डबी खाली ठेवा.

मग घ्यायचं कधी? बीव्ही वारंवार होतोय, औषधाचा कोर्स पूर्ण झालाय आणि डॉक्टरांचीही हरकत नाही, तर कोर्सनंतर तीन महिने घेऊन बघा. तीन महिन्यांनी पुन्हा स्वॅब. स्लाइड सुधारली नसेल तर बंद करा, चौथा डबा घेऊ नका. प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील किंवा मोठा आजार असेल तर विचारल्याशिवाय सुरूच करू नका. आणि प्रोबायोटिक चालू आहे म्हणून पुढच्या तपासण्या लांबवू नका.

डॉक्टरांकडे जाताना

फाइलमध्ये पाळीच्या तारखा आणि स्रावाच्या नोंदी, आधी घेतलेल्या औषधांच्या पट्ट्या, दोघांचे रिपोर्ट ठेवा. एका कागदावर प्रश्न लिहून न्या, आत गेल्यावर सुचत नाही: माझा पीएच किती आला? क्लू सेल दिसल्या का? नळ्या कधी तपासायच्या? यांच्या तपासणीत काय निघालं?

पावसाळ्यात आलेल्या त्या मुलीचा स्वॅब मीच वाचला. पीएच ४.२, कडा स्वच्छ, काड्याच काड्या. रंगीत रिपोर्टमध्ये कमी होते ते लॅक्टोबॅसिलस त्या दिवशी स्लाइडवर भरपूर होते. हे महिन्याच्या महिन्यातही बदलतात. दुसऱ्या दिवशी ती नवऱ्याला वीर्यतपासणीची डबी द्यायला घेऊन आली.